कारवान कुत्रा

दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्यांची एक प्रसिद्ध देशी जात. 'मुधोळ हाउंड' आणि 'कारवानी' या नावांनीही ती ओळखली जाते. तिच्यातील लांब व रेशमी केसांच्या प्रकारास 'पश्मी' असे म्हणतात. उंच व सडपातळ बांधा, लांबट निमुळते डोके, खोल छाती आणि वर ओढलेले पोट ही या जातीची ठळक लक्षणे होत. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे जिल्हे आणि कर्नाटकातील बागलकोट, विजापूर व बेळगाव हे जिल्हे मिळून होणारा कृष्णा, घटप्रभा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांचा सलग प्रदेश हे तिचे मुख्य क्षेत्र आहे. शेताची व वस्तीची राखण आणि पूर्वी सशाची व हरणाची शिकार यांसाठी ती पाळली जात आली आहे. सर्व पाळीव कुत्र्यांप्रमाणे या जातीचा समावेशही स्तनी वर्गाच्या मांसाहारी गणातील कॅनिडी कुलात होतो (⟶ कुत्रा).

नावे : 'कारवान' हा शब्द मूळचा फार्सी असून त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा किंवा प्रवाशांचा तांडा असा आहे. तांड्याबरोबर आलेला तो कारवानी कुत्रा, अशी या नावाची उपपत्ती दिली जाते. 'पश्म' म्हणजे लोकर. त्यावरून लांब केसांच्या प्रकाराला पश्मी हे नाव पडले. 'मुधोळ हाउंड' हे नाव मात्र अलीकडचे, म्हणजे विसाव्या शतकातील असून ते मुधोळ संस्थानावरून रूढ झाले. हा नावांचा भेद केवळ बोलण्यातला नाही. चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था या जातीची नोंद 'कारवान हाउंड' या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ही संस्था तिला 'मुधोळ हाउंड' म्हणून नोंदविते. त्यामुळे एकाच जातीच्या दोन नोंदवह्या अस्तित्वात आल्या असून या दोन वेगवेगळ्या जाती आहेत, असा सामान्य वाचकाचा पुष्कळदा गैरसमज होतो.

उगम व इतिहास : कुत्र्यांच्या शिकारी जातींचे सर्वसाधारणपणे दोन गट पडतात. एका गटातील कुत्रे वासावरून सावजाचा माग काढतात. दुसऱ्या गटातील कुत्रे मोकळ्या मैदानात नजरेने सावज हेरतात आणि वेगाने धावून ते पकडतात. कारवान दुसऱ्या गटातील आहे. अरबस्तान व इराण येथील सालुकी, अफगाणिस्तानातील अफगाण हाउंड, मध्य आशियातील ताझी आणि यूरोपातील ग्रेहाउंड या जातीही याच गटात मोडतात. सालुकी व ताझी यांच्याशी कारवानचे बांध्याचे साम्य इतके स्पष्ट आहे की, त्याचे पूर्वज पश्चिम व मध्य आशियातून दख्खनमध्ये आले असावेत, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. पश्मी प्रकाराच्या कानांवर व शेपटीवर दिसणारी केसांची झालर या मताला पुष्टी देते. कारण सालुकी जातीतही अशी झालर असलेला आणि आखूड केसांचा असे दोन्ही प्रकार आढळतात.

हे कुत्रे दख्खनमध्ये कोणत्या वाटेने आले असतील, हे समजण्यास मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास उपयोगी पडतो. बहमनी व त्यानंतरच्या आदिलशाही काळात इराण व अरबस्तान येथून घोड्यांची मोठी आयात चौल, दाभोळ व गोवा या बंदरांतून होत असे. रशियन प्रवासी अफनासी निकितिन हा १४६९ च्या सुमारास चौल येथे उतरला, तेव्हा त्यानेही विक्रीसाठी एक घोडा बरोबर आणला होता. घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर, तसेच आदिलशाहीत चाकरीसाठी आलेल्या इराणी, तुर्की, अरब व पठाण सैनिकांबरोबर शिकारी कुत्रे येणे स्वाभाविक होते. उत्तरेकडे अकबराच्या दरबारात काबूलकडून, विशेषतः हजारा भागातून, उत्तम कुत्रे आणविले जात, असा उल्लेख अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत केला आहे. आदिलशाहीची राजधानी विजापूर हे मुधोळपासून सरळ रेषेत सु. ७० किमी. अंतरावर आहे. जातीचे आजचे क्षेत्र आणि जुन्या आदिलशाही राज्याचा गाभा हे जवळजवळ एकच आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि बाहेरून आलेल्या या कुत्र्यांपूर्वी दख्खनमध्ये शिकारी कुत्रे नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या शिल्पांत दोन बैल जोडलेला एक रथ असून त्याच्या दांडीवर कुत्र्याची आकृती उभी आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील वीरगळावर सु. ९४९-५० मधील कन्नड लेख आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण व त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग यांच्या काळातील या लेखात काळी नावाच्या कुत्रीची हकीकत कोरलेली आहे. मणलेर या वीराने रणातील पराक्रमाचे बक्षीस म्हणून राजाकडून ही कुत्री मागून घेतली. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर व कुत्री दोघेही मेले आणि तिच्या स्मरणार्थ हा दगड उभारण्यात आला. देवतांच्या परिवारातही कुत्र्याला स्थान आहे : खंडोबाबरोबर कुत्रा असतो, तर दत्तात्रेयाच्या पायाशी असणारे चार कुत्रे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. या शिल्पांवरून किंवा मूर्तींवरून विशिष्ट जात ओळखता येत नाही. परंतु कुत्र्याच्या साह्याने शिकार करण्याची परंपरा येथे जुनी आहे, एवढे त्यांवरून सिद्ध होते. आजचा कारवान हा बाहेरून आलेल्या कुत्र्यांचा आणि स्थानिक कुत्र्यांचा अनेक शतकांच्या निवडीतून तयार झालेला वंश मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ही निवड करणारे लोक गावोगावचे शेतकरी, मेंढपाळ व शिकारी होते. त्यांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत. जो कुत्रा चांगला पळतो, उन्हात टिकतो व थोड्या अन्नावर राहतो, त्याचीच पिल्ले ते ठेवीत गेले.

मुधोळ संस्थान व ही जात : घटप्रभेच्या काठावरील मुधोळ येथे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. आदिलशाहीतील मातब्बर सरदार म्हणून हे घराणे प्रसिद्धीस आले. या भागातील बेरड किंवा बेडर हे लोक कसलेले शिकारी व लढवय्ये म्हणून ख्यात होते. ब्रिटिश सरकारच्या शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी केलेला उठाव इतिहासात नोंदलेला आहे. ज्यांच्या हाती बंदूक नव्हती, अशा शिकाऱ्यांच्या दृष्टीने वेगवान कुत्रा हेच शिकारीचे मुख्य साधन होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या लोकांजवळील कुत्र्यांचे गुण हेरले आणि निवडक कुत्र्यांची जोपासना करून जातीला स्थैर्य दिले. इंग्लंडच्या भेटीत त्यांनी या कुत्र्यांची एक जोडी राजा पाचवा जॉर्ज यास भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळचे हाउंड' हे नाव पडले, असे सांगितले जाते. म्हणजे जातीला नाव संस्थानिकांमुळे मिळाले. जात मात्र त्यापूर्वीच खेड्यांतून घडलेली होती.

शिकारीचा शौक शेजारच्या संस्थानांतही होता. कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी माणसाळविलेले चित्ते पाळले जात. चित्त्याची शिकार राजेरजवाड्यांपुरती मर्यादित राहिली. कुत्र्याची शिकार मात्र सामान्य शेतकऱ्यालाही परवडणारी होती. १९४८ मध्ये मुधोळ संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विजापूर जिल्ह्याबरोबर ते म्हैसूर (१९७३ पासून कर्नाटक) राज्यात गेले. १९९७ पासून मुधोळ बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थानांबरोबर या कुत्र्यांचा राजाश्रयही संपला. त्यानंतर जात टिकली ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर.

शरीररचना : नराची खांद्यापाशी उंची सु. ६८ ते ७२ सेंमी. व मादीची सु. ६४ ते ६८ सेंमी. असते. वजन सामान्यपणे २० ते २८ किग्रॅ. भरते. उंचीच्या मानाने वजन कमी असल्यामुळे अनोळखी माणसास हा कुत्रा उपाशी किंवा आजारी वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः निरोगी कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या बाहेरून सहज दिसतात.

डोके लांब व अरुंद असून दोन कानांच्या मध्ये ते थोडे रुंद असते आणि नाकाकडे निमुळते होत जाते. कपाळ व मुस्कट यांच्या मधला खळगा उथळ असतो, त्यामुळे बाजूने पाहता डोके जवळजवळ सरळ रेषेत दिसते. जबडे लांब व बळकट असून वरचे सुळे व पटाशीचे दात खालच्या दातांवर कात्रीच्या पात्यांप्रमाणे बसतात. नाक मोठे व सामान्यतः काळे असते. डोळे मोठे, लंबवर्तुळाकार व तेजस्वी असून त्यांचा रंग गडद तपकिरीपासून फिकट पिवळसरापर्यंत असतो. कान मध्यम आकाराचे, उंचावर बसविलेले व कवटीला चिकटून लोंबणारे असतात.

मान लांब, स्वच्छ व पिळदार असून ती खांद्यांत सहज मिसळून जाते. छाती खोल असून कोपरापर्यंत पोहोचते. मात्र ती पिंपासारखी रुंद नसते. पाठ लांब व मजबूत, कंबर रुंद व किंचित कमानदार आणि पोट वर ओढलेले असते. पुढील पाय लांब व सरळ असून मागील पायांच्या मांड्या भरदार असतात. पंजे लांबट, बोटे एकमेकांस लागून असलेली व तळव्याच्या गाद्या टणक असतात. शेपटी मुळाशी जाड व टोकाकडे नैसर्गिक बाक असलेली असते. ती पाठीवर वळलेली असणे हा दोष समजला जातो. चालताना हा कुत्रा पाय उंच उचलतो व त्याची चाल हलकी, उसळती दिसते.

केस व रंग : कारवान प्रकारात केस आखूड, मऊ व अंगाबरोबर बसलेले असतात. पश्मी प्रकारात अंगावरील केस रेशमी असून कान, पायांचा मागील भाग व शेपटी यांवर लांब केसांची झालर असते. कातडी पातळ असते. रंग पिवळसर तांबूस, मलई, तांबडा, काळा, करडा असे विविध असून छातीवर व पंजांवर पांढरे ठिपके असू शकतात. रंगाला या जातीत फारसे महत्त्व दिले जात नाही. बाजारात विशिष्ट रंगाच्या पिल्लास अधिक किंमत येते. परंतु धावण्याच्या क्षमतेशी रंगाचा काही संबंध नाही.

धावण्याची क्रिया : या जातीच्या शरीराचा प्रत्येक विशेष वेगाशी निगडित आहे. भरधाव धावताना कारवान प्रत्येक झेपेत दोनदा पूर्णपणे जमिनीवरून उचलला जातो : एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेले असताना. यासाठी पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकावा व पुन्हा सरळ व्हावा लागतो. लांब पाठ व कमानदार कंबर यांचे प्रयोजन हे आहे. घोड्याच्या दौडीत असा क्षण एकदाच येतो. खोल छातीत मोठे हृदय व फुप्फुसे मावतात, तर वर ओढलेल्या पोटामुळे मागचे पाय पुढे येण्यास जागा मिळते. लांब शेपटी वळण घेताना तोल सांभाळते. लांब डोक्याच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरील संवेदनक्षम पेशी आडव्या पट्ट्यात एकवटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर होणारी हालचाल त्यांना चटकन जाणवते. डोळे डोक्याच्या बाजूंकडे असल्याने दृष्टीचे क्षेत्रही मोठे असते. स्थिर बसलेला ससा जवळ असूनही या कुत्र्याच्या नजरेतून सुटू शकतो. तोच ससा हलला की, दूर असला तरी दिसतो.

शर्यतीचा ग्रेहाउंड ताशी सु. ६५ किमी. वेग गाठू शकतो. थोड्या अंतराच्या सपाट धावपट्टीवर कारवान त्याच्या मागे पडतो. पण खडकाळ व काटेरी माळावर, कडक उन्हात व लांब पल्ल्यावर कारवान अधिक टिकाव धरतो. दख्खनच्या माळावर हाच गुण उपयोगी होता.

स्वभाव : कारवान मालकाशी एकनिष्ठ, परक्यांपासून अलिप्त व काहीसा मानी असतो. त्याला उगाच कुरवाळलेले आवडत नाही. तो विनाकारण भुंकत नाही. लहानपणापासून माणसांची व आवाजांची सवय न लागल्यास तो बुजरा होतो आणि बुजरेपणातून चावरा होण्याचा संभव असतो. धाकदपटशाने तो शिकत नाही. मारल्यास दूर राहू लागतो. पळणाऱ्या प्राण्यामागे धावण्याची प्रेरणा उपजत असल्यामुळे शेळ्या, कोंबड्या व मांजरे यांच्याशी त्याची ओळख पिल्लूपणीच करून द्यावी लागते. रहदारीच्या रस्त्यावर त्याला मोकळे सोडणे धोक्याचे असते, कारण सावजामागे लागल्यावर हाक त्याच्या कानी पडत नाही.

प्रजोत्पादन व निगा : गर्भावधी इतर कुत्र्यांप्रमाणेच सु. ६३ दिवसांचा असतो. आयुर्मर्यादा साधारणपणे १० ते १४ वर्षे असते. खेड्यांत या कुत्र्यांना ज्वारीची भाकरी, दूध किंवा ताक आणि जमेल तेव्हा मांस किंवा अंडी देण्याची पद्धत आहे. वाढत्या पिल्लास प्रथिने व कॅल्शियम पुरेशी न मिळाल्यास लांब हाडे वाकतात व पाय कायमचे अधू होतात. जातिवंत पिल्लाचे मोल दिल्यानंतर त्याला केवळ भाकरीवर ठेवणे ही या भागातील नेहमीची चूक होय. पाळणाऱ्यांनी दररोज मोकळी धाव मिळेल अशी व्यवस्था करणे आवश्यक असते. साखळीला बांधून ठेवलेला कारवान चिडखोर व रोगट बनतो. अंगावर चरबी कमी व केस आखूड असल्यामुळे हिवाळ्यात त्याला कोरडे व उबदार अंथरूण लागते. चरबी कमी असणे आणि काही औषधांचे यकृतात मंद गतीने विघटन होणे या कारणांमुळे ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांना काही प्रकारची भूल अधिक काळ राहते. शस्त्रक्रियेच्या वेळी पशुवैद्याला जातीची कल्पना देणे म्हणूनच हितावह असते. पिसाळरोग, डिस्टेंपर व पार्व्हो विषाणूचा रोग यांवरील लशी वेळच्या वेळी टोचणे सर्वच कुत्र्यांप्रमाणे येथेही आवश्यक आहे.

इतर देशी शिकारी जाती : उत्तर प्रदेशातील रामपूर हाउंड ही जात रामपूरच्या नबाबांनी अफगाणिस्तानाकडील ताझी व इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून वाढविली, ती कारवानपेक्षा अंगाने भरदार असते. तमिळनाडूतील चिप्पीपराई ही बांध्याने कारवानशी बरीच जुळती असून राजपालयम ही जात अधिक भारी, पांढऱ्या रंगाची व गुलाबी नाकाची असते. भारतीय डाक विभागाने ९ जानेवारी २००५ रोजी काढलेल्या चार तिकिटांच्या संचात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड व राजपालयम यांच्याबरोबर मुधोळ हाउंडचाही समावेश होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अधिकृतपणे नोंदलेल्या पहिल्या तीन देशी श्वानजाती म्हणजे राजपालयम, चिप्पीपराई व मुधोळ हाउंड होत.

बदललेली परिस्थिती : ज्या कामासाठी ही जात घडली, ते काम आता उरलेले नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट व इतर वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला. जिवंत सशामागे कुत्रे सोडून शर्यती लावणे हेही वन्यजीवांविषयीच्या या कायद्याचा आणि प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याचा भंग करणारे आहे. कायद्याइतकाच परिणाम भूप्रदेशाच्या बदलाचाही झाला. जयसिंगपूर परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेली ही पेठ कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, शिरोळ तालुक्यात असून मुधोळपासून सरळ रेषेत ती सु. ९० किमी. अंतरावर आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या पाण्यावर उपसा सिंचन योजना झाल्या व साखर कारखानदारी वाढली, तसा या तालुक्यातील कोरडवाहू जमिनीचा व मोकळ्या माळाचा मोठा भाग उसाखाली गेला. नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याला दूरवर दिसेल असे मोकळे रान लागते. पुरुषभर उंचीच्या उसात त्याची नजर व वेग दोन्ही निरुपयोगी होतात. कारवान येथे आता वस्तीची राखण करणारा, प्रदर्शनात मिरविणारा आणि मालकाच्या हौसेचा व प्रतिष्ठेचा विषय म्हणून राहिला आहे.

यातून जातीपुढे दोन परस्परविरुद्ध धोके उभे राहतात. पहिला संकराचा. शर्यतीत वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंडशी, तर धिप्पाडपणा यावा म्हणून अन्य परदेशी जातींशी संकर केला जातो आणि अशी पिल्ले शुद्ध कारवान म्हणून विकली जातात. त्यांत काटकपणा व उष्णता सोसण्याची शक्ती कमी होण्याचा धोका असतो. दुसरा धोका अतिशुद्धतेच्या आग्रहाचा. प्रदर्शनात जिंकलेल्या एखाद्याच नराचा उपयोग असंख्य माद्यांसाठी केल्यास काही पिढ्यांत सगळी पिल्ले एकमेकांची जवळची भावंडे होतात आणि दबलेले आनुवंशिक दोष उघडे पडतात. गावोगावच्या वेगवेगळ्या रक्तरेषा जपणे, त्यांच्या वंशावळी लिहून ठेवणे आणि जवळच्या नात्यातील संबंध टाळणे हा या दोहोंमधील सुरक्षित मार्ग होय. व्यापारी पैदाशीवर नियंत्रण आणण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीविषयक नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे, मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिची पैदास न करणे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू न विकणे बंधनकारक आहे. शेतावर घरगुती पैदास करणाऱ्यांपर्यंत हे नियम कितपत पोहोचतात, यावर त्यांची परिणामकारकता अवलंबून आहे.

संवर्धन व नवे उपयोग : मुधोळजवळील तिम्मापूर येथे बीदरच्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने २००९-१० च्या सुमारास श्वान संशोधन व माहिती केंद्र सुरू केले. जातिवंत कुत्र्यांची जोपासना, पिल्लांचे वितरण व पाळणाऱ्यांना मार्गदर्शन ही त्याची कार्ये होत. या केंद्रातील पिल्ले २०१६ मध्ये भूसेनेच्या मीरत येथील रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोर या केंद्रात चाचणीसाठी नेण्यात आली. भारतीय सैन्यात तोपर्यंत जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर यांसारख्या परदेशी जातींचाच वापर होत असे. २०२१ मध्ये हवाई दलाने धावपट्टीवरील पक्षी व प्राणी हुसकावून लावण्यासाठी या जातीची पिल्ले घेतली. नजरेवर चालणारा हा कुत्रा वासावर माग काढण्याच्या कामी लॅब्रॅडोरची बरोबरी करू शकणार नाही, असा आक्षेप प्रारंभी घेतला जात असे. सीमा सुरक्षा दलाच्या रिया या मुधोळ कुत्रीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्याच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवून या आक्षेपाचे निदान एका उदाहरणापुरते निरसन केले. एका कुत्रीच्या यशावरून सर्व जातीची योग्यता ठरविता येत नाही. तथापि लहान वयापासून पद्धतशीर शिक्षण मिळाल्यास या जातीची कुवत पूर्वी मानली गेली त्यापेक्षा व्यापक आहे, असे त्यावरून दिसते.

शासकीय दलांनी केलेल्या स्वीकारामुळे या कुत्र्यांची मागणी व किंमत वाढली. अनेक अल्पभूधारक कुटुंबांना पिल्लांच्या विक्रीतून जोडउत्पन्न मिळू लागले आणि जातीच्या टिकावाला आर्थिक आधार लाभला. त्याचबरोबर शहरांतील लहान सदनिकांत हे कुत्रे नेले जाऊ लागले असून धावण्यास जागा न मिळाल्याने बिघडलेले कुत्रे सोडून दिले जाण्याचे प्रकारही घडतात. परदेशी जातींच्या मानाने कारवान कमी खर्चिक, येथील हवामानास सरावलेला व सामान्यतः निरोगी आहे. परंतु त्याला हवे असणारे मोकळे अंगण व दररोजची धाव यांना पर्याय नाही. ज्या शेतकऱ्यांनी कोणतीही नोंदवही न ठेवता ही जात शतकानुशतके सांभाळली, त्यांच्या वस्त्यांवर ती यापुढेही काम करणारा कुत्रा म्हणून राहिली, तरच तिचे मूळ गुण टिकून राहतील.